हातानं केल्यासारखं

कॉलेजच्या फाटकासमोर दोन दुकानं आहेत. एक माझं, झेरॉक्स-बाइंडिंगचं, दुसरं प्रोजेक्टकाकांचं. भावी इंजिनियर आधी त्यांच्याकडून तयार प्रोजेक्ट नेतात, मग माझ्याकडून त्याचा जाडजूड रिपोर्ट. इंजिनियर घडवायचं काम आम्ही दोघं करतो, पगार मात्र प्राध्यापक घेतात.

काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. तेव्हा त्यांचा हात फार स्वच्छ होता. तारा जोडायचा सोल्डरचा प्रत्येक जॉइंट चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढा. लेकीला मांडीवर बसवून त्यांनी तेच शिकवलं. प्रोजेक्टही ते तसेच देखणे करायचे.

मग कॉलेजला साक्षात्कार झाला, की विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं करून शिकलं पाहिजे. मोठा फलक लागला. नवी यंत्रं आली आणि तपासणीला नवीच दिसावीत म्हणून कुलपात गेली. हात रिकामे राहिलेली पोरं सरळ काकांकडे आली.

"काका, एवढं नीट नको. हातानं केल्यासारखं द्या."

काका व्यवहाराला पक्के. त्यांनी जॉइंटचे गोळे करायला सुरुवात केली, तारा वाकड्या जोडल्या, खोका एका कोपऱ्यात जाळला. वर भाजल्याचं दाखवायला बोटाला लावायची पट्टी फुकट. विभागप्रमुख हरखून गेले. "बघा, पोरं चुकतायत! म्हणजेच शिकतायत!" काकांची पाचही बोटं तुपात. वर्षानुवर्षं हेच चाललं.

यंदा काकांची लेक त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "बाबा, माझं मी करणार."

"घरचं दुकान असताना?" काकांना अपमान वाटला. पण पोरगी हट्टी. सलाइनची बाटली संपत आली की वाजणारं यंत्र तिनं एकटीनं बनवलं. मला दाखवलं, तर प्रत्येक जॉइंट काकांच्या जुन्या हातासारखा चकचकीत.

परीक्षेच्या दिवशी मी रिपोर्टचे गठ्ठे पोचवायला गेलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा बोर्ड उलटा केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे विकतचं आहे."

"सर, मीच केलंय."

"इतकं स्वच्छ? बाकीच्यांचं बघ, कशी मेहनत दिसते!"

तिनं एकेक तार समजावून सांगितली. साहेब म्हणाले, "पाठ केलंस." समोरच तिच्या बापाचं प्रोजेक्टचं दुकान आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. त्यांनी नापास लिहायला पेन उघडलं. पोरीचं वर्ष जाणार होतं. मी धावत जाऊन काकांना घेऊन आलो.

"साहेब, शपथेवर सांगतो, याला मी हात लावलेला नाही," काका म्हणाले.

"मग माझ्यासमोर एक जॉइंट मारा. बघू तुमचा हात."

काकांनी मला हळूच डोळा मारला, लेकीची सोल्डरिंगची कांडी घेतली आणि ठरवून एक गलिच्छ गोळा केला.

"मला खुळा समजता? मुद्दाम बिघडवू नका!" साहेब ओरडले आणि अगदी त्यांच्या हाताशी खुर्ची ओढून बसले.

काका पेचात पडले. नाटक आता खपणार नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, श्वास रोखला आणि सोल्डरिंगचं टोक टेकवलं. गोळा. पुन्हा टेकवलं. पुन्हा गोळा, तोही वाकडा. त्यांच्या कपाळावर घाम आला. ओठ आवळून ते तिसरा मारायला लागले तेव्हा साहेबांनीच त्यांचा हात धरला.

"राहू द्या. यांना हे जमणं शक्य नाही. मुलगी पास."

त्या गोळ्यांचे सख्खे भाऊ हॉलभर टेबलांवर पसरले होते. पण साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचं जेवण गार होत होतं.

बाहेर येताच काकांचा जीव भांड्यात पडला. मोठ्यानं हसत ते म्हणाले, "काय नाटक वठवलं, अं? साहेब साफ फसला!"

लेक बोर्ड छातीशी धरून रडत होती.

"अगं, पास झालीस ना? आता रडतेस कशाला?"

"पहिला जॉइंट नाटक होतं, बाबा," ती म्हणाली. "पुढचे तुम्ही मनापासून मारत होता. मला कळतं. तुम्हीच शिकवलंय."