आप्पांचा तांब्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सुजातापाशीसुद्धा नाही — ती माझी बायको, माझ्या पोटात काही राहत नाही असं चारचौघांत सांगत असते. आणि आईपाशी? छे. तुला सांगतोय, तर बघ, आधी गाडीबद्दलच बोलावंसं वाटतंय. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

गाडी घेतली तेव्हा मी जरा हवेतच होतो. सातपूरला कंपनीत नोकरी, इंदिरानगरला फ्लॅट, आणि आता ही — डॅशबोर्डवर भली मोठी स्क्रीन, गाणी, फोन, नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं तिच्यात. माझे कायदे होते. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही, चपला झटकून बसायचं. माझे वडील, आप्पा, सिन्नरजवळच्या आमच्या मळ्यात झेंडू आणि टोमॅटो करायचे. ते गाडीत बसायच्या आधी नळावर पाय धुऊन यायचे. मी एकदाही म्हटलं नाही की आप्पा, असू द्या. उलट मला ते बरं वाटायचं.

दसऱ्याला गाडी मळ्यात नेली. आप्पांनी पहाटे स्वतः तोडलेल्या झेंडूचा हार केला, चांगला जाडजूड. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग तांब्यात फूल बुडवून चाकांवर पाणी शिंपडलं, दार उघडून स्टिअरिंगवर, आणि शेवटी स्क्रीनवर. जेमतेम दोन थेंब. वर अंगठ्याने कुंकू लावलं तिला. किती खूश होते! आल्यागेल्याला दार उघडून दाखवत होते, जशी काही गाडी त्यांनीच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडी सुरू केली, तर स्क्रीन काळी. दोनदा फडफडली आणि गेली. आणि मी — अरे, काय बोललो मी! अंगणात काका होते, चुलतभाऊ होते, शेजारचे होते. "तुम्हाला कळतं का काही? बैलाला पाणी मारताय का? हात लावायला कुणी सांगितलं होतं?" आप्पा तांब्या हातात घेऊन उभे होते, अंगणात सडा टाकायला घेतलेला. म्हणाले, "चुकलं रे बाबा. नवी वस्तू हाय म्हणून शिंपडलं." एवढंच. मुलापुढे मान खाली घातली त्यांनी, आणि मी दार आपटून गाडी काढली.

नाशिकला द्वारकेजवळ एक कारागीर गाड्यांच्या स्क्रीन दुरुस्त करतो. त्याने आधी फ्यूज बघितला, तो ठीक होता. वायरिंगला करंट येत होता. मग त्याने डॅशबोर्डची पट्टी काढून अख्खं युनिट बाहेर ओढलं, मागचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. आतल्या सर्किटवर तपकिरी चिकट थर होता, त्यात मुंग्या मेलेल्या. "साहेब, पाण्याचा डाग असा नसतो. दुधा-साखरेचं काहीतरी गेलंय. वरच्या फटीतून उतरलंय बघा."

मी म्हटलं, "असेल." आणि मोबाइल बघत बसलो.

आता तुला वाटेल, मला तेव्हा कळलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं — बिचाऱ्याला तिथे कळलं, मग सांगायचा धीर झाला नाही. खोटं आहे ते. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कॉलेज रोडवरून कोल्ड कॉफी घेतली होती, ग्लास डॅशबोर्डवर ठेवला, स्पीडब्रेकर दिसला नाही. कुणी बघायच्या आत पुसून टाकलं. स्क्रीनच्या मागे किती गेलं ते बघितलंच नाही. आणि अंगणात, आप्पांवर ओरडत असताना — ऐकतोयस ना? — ओरडतानाच मला ती कॉफी आठवली होती. आठवली म्हणूनच आवाज आणखी चढला.

त्या माणसाने बारीक ब्रशने सगळं साफ केलं, सुकवलं, एक गंजलेली पट्टी बदलली. स्क्रीन लागली. सुजाताचा फोन आला, काय निघालं म्हणून. मी म्हटलं, "पाणीच गेलं होतं."

तिने ते आईला सांगितलं, आईने आप्पांना. मग घरात त्याची गंमतच झाली. लग्नात, बारशात कुणीतरी काढायचंच — आप्पांनी टीव्हीला आंघोळ घातली! सगळे हसायचे. आप्पाही हसायचे, खाली बघून. सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं, ते तुला सांगायला नको.

पण ते पुढच्या सीटवर पुन्हा बसले नाहीत. मागे बसायचे, हात मांडीवर. दारसुद्धा स्वतः उघडायचे नाहीत, कुणी उघडेपर्यंत उभे राहायचे. पुढच्या दसऱ्याला त्यांनी हार आईच्या हाती दिला आणि तांब्या घेऊन लांब उंबराखाली जाऊन बसले. मी बघितलं. मी हाक मारू शकलो असतो की नाही?

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी आणि सुजाता तेव्हा मळ्यातच होतो. गाडीत घालून नाशिककडे निघालो. सुजाता त्यांना धरून मागे बसली होती. ऊन मी म्हणत होतं, आप्पा घामाने भिजलेले, ओठ कोरडे पडलेले. तिने बाटली उघडून त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी हाताने बाजूला सारली.

"नको गं सूनबाई. गाडीत सांडंल. उतरल्यावर पितो."

मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे बघत होते, मी रागावतोय का म्हणून. त्या हालतीत! माझा बाप, आणि मला घाबरत होता. बोलायचं होतं ते जिभेवर होतं. सुजाता होती मागे. तिच्या देखत कसं बोलू, असं वाटलं मला — हो, तेव्हाही मला माझंच पडलं होतं. मी म्हटलं, "आलंच आप्पा हॉस्पिटल, थोडं थांबा." स्क्रीनवर नकाशा अगदी नीट दिसत होता.

तिथे त्यांना लगेच आत नेलं. तोंडाने काही द्यायचं नाही म्हणाले. संध्याकाळी आप्पा गेले.

मी गाडी काढायला खाली आलो तेव्हा बाटली मागच्या सीटवर होती, भरलेली. सीट कोरडी होती. सुजाता शेजारी येऊन बसली, रडत होती, म्हणाली, शेवटपर्यंत किती जपलं रे त्यांनी तुझ्या गाडीला.

मी गाडी सुरू केली.

कॉफी मी सांडली होती.