पावतीवर काकूंची सही

अण्णा, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले आणि सहा महिन्यांत आरोपी झाले. शेजारच्या काकांच्या टाकीचं पाणी रोज आमच्या जिन्यावर सांडायचं. एक दिवस अण्णांनी छत्री उगारली, ती काकांच्या बोटावर बसली. कोर्टानं हजार रुपये दंड केला. अण्णांनी अपील ठोकलं.

अपिलाच्या दोन तारखांना आमचे वकील उगवलेच नाहीत. जजसाहेबांनी पाचशे रुपये कॉस्ट लावली. ती पुढच्या तारखेच्या आत काकांना द्यायची आणि पावती आणायची.

"अपील चालू हाय तवर एक रुपया देणार न्हाई," अण्णा म्हणाले.

दिलाच नाही. पुढच्या तारखेला उशिराबद्दल आणखी दोनशे वाढले. "गुरुजी, उशीर तुम्हाला शोभत नाही," असं जजसाहेब म्हणाले आणि अण्णांचे कान लाल झाले.

त्याच संध्याकाळी सातशे रुपये पाकिटात घालून ते शेजारी गेले, तर काका घरात नाहीत. सकाळी गेले, तर काका अंघोळीला. पैसे घेतलेच नाहीत तर अपील बुडतं, असं काकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. चौथ्या दिवशी तर अण्णांना गल्लीत बघून काका किराणा दुकानात शिरले आणि पोत्यांमागे बसले. ज्याला मारलं त्याच्याच मागे अण्णा पैसे घेऊन फिरतायत, हे बघून मला हसू आवरेना.

आई हसली नाही. तिनं पाकीट उचललं, मला सोबत घेतलं आणि मागच्या दारानं काकूंकडे गेली. खटला सुरू झाल्यापासून दोघींचं जाणं-येणं एक दिवस थांबलं नव्हतं, फक्त नवऱ्यांना ठाऊक नव्हतं. काकूंनी पावतीवर ठसठशीत सही केली.

"बोट ह्यांचं सुजलं, पण महिनाभर घास मी भरवले," त्या म्हणाल्या आणि पाकीट डब्यात टाकलं.

तारखेला काका ठणकावून म्हणाले, "साहेब, मला पैसे पोचले न्हाईत."

आमच्या वकिलांनी पावती पुढं केली.

"ही सही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "बायकोची."

"मग पोचले."

अपील आम्ही हरलो. दंड अण्णांनी मुकाट भरला, पण पंधरा दिवस आईशी बोलले नाहीत. पलीकडे काकांनीही अबोला धरला होता. दोघींना दुपार चांगलीच मोकळी झाली. त्या उन्हाळ्यात दोन्ही घरचे पापड काकूंच्या गच्चीवर एकत्रच लाटले गेले.