टेलिस्कोपला डोळा लावायचा नाही

आमचे मालक गेले. त्यांचा टेलिस्कोप मी कुणाला देणार नाही.

काल दहावा झाला. नदीवरून घरी येतोय तोवर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, टेलिस्कोप मला द्या. शाळेच्या पोरांना सूर्य दाखवीन. नुसता पडून ऱ्हाईल."

मी म्हणाले, "न्हाई."

तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. म्हणून इथं घरच्या ग्रुपवर लिहिते.

मालकांचं देवळाली प्रवरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नाद आभाळाचा. पुण्याहून जुना टेलिस्कोप आणला होता.

त्याला डोळा लावून सूर्य बघायचा नसतो. नळी सूर्याकडं करायची आणि मागं पांढरा पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्यावर सूर्य पडतो. त्याच्यावरचे डाग पण दिसतात.

एकदा ग्रहण होतं. आमच्या गल्लीत ग्रहण परातीत बघतात. हळदीचं पाणी भरायचं आणि बायांनी वाकून त्यात सूर्य बघायचा.

मालक टेलिस्कोपमागं पुठ्ठा धरून हळू आवाजात सांगत होते, "आई, पाण्यातला पण सूर्यच हाय. डोळा जातो."

कोण ऐकतंय?

मला दम निघत नाही. गेले आणि परात पालथी केली.

सासूबाई म्हणाल्या, "भवाने, ग्रहणात पाणी सांडलंस!"

"सांडलं. आता पुठ्ठा बघा."

शेजारची शमीमभाभी म्हणाली, "एवढुसा? वाटीएवढ्या सूर्यापायी परात लवंडली व्हय?"

सगळ्या हसल्या. पण पुठ्ठ्यापाशी आल्या. सासूबाई पण.

त्या दिवशी मालक म्हणाले, "अगं, इथून पुढं तू वरड. मी दाखवतो."

तसंच चाललं.

नळी दिसली की माणूस डोळा लावायला जातोच. एका पाहुण्याला मी कॉलर धरून मागं ओढलंय. मालकांनी त्याला चहा पाजला, मग हाताला धरून पुठ्ठ्यापाशी नेलं.

दीर चांगले आहेत. पण लई भिडस्त. ते "जरा बाजूला व्हा" म्हणेपर्यंत एखाद्या पोराचा डोळा जाईल. गेलेला डोळा डॉक्टरला पण आणता येत नाही.

मालकांच्या टेलिस्कोपनं कुणी आंधळं झालेलं मला चालणार नाही. बस.

गल्लीतल्या बाया म्हणतात रडून घे. येत नाही रडू. डोकं बंद आहे.

आज सकाळी टेलिस्कोप अंगणात काढला. पुठ्ठा धरला. नळी इकडं केली, तिकडं केली.

नुसती नळीची सावली. सूर्य पडलाच नाही.

इतकी वर्षं शेजारी उभी होते. कसं लावतात ते कधी बघितलंच नाही. माझं लक्ष माणसांवर.

भाऊजी, तुमाला लावता येतो. मालकांनी शिकवलंय. शाळेत कधी जायचं ते सांगा. टेलिस्कोप येईल, पण मी बरोबर येईन. तुमी सूर्य लावा. मी नळीपाशी उभी राहते.

आणि अहो मालक, तुमची श्रद्धांजली बाकीचे लिहितील.

माझा नमस्कार घ्या. या आता.