वच्छलाताईंची धुक्यातली माणसं

फोन आला तेव्हा मी एका मुलीला पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होते. नंबर ताईंचा होता, म्हणून उचलताच म्हणाले, "ताई, आत्ता नाही, गिऱ्हाईक आहे." पलीकडून पुरुषाचा आवाज आला. तो पवनीच्या बसचा कंडक्टर होता. "या बाईंच्या फोनात शेवटचा नंबर तुमचाच हाय. भंडारा स्टँडवरच चक्कर येऊन पडल्या. तुमी कोण लागता त्यांच्या?" मी म्हणाले, "भावजय." पुढे तो काय बोलला ते नीट आठवत नाही. शटर अर्धं ओढून मी निघाले... ती मुलगी अजून हनुवटी खाली घेऊन आत बसली आहे, हे मला रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. स्टँडवरच्या कोणीतरी त्यांची पिशवी बाकावर नीट उभी करून ठेवली होती.

त्याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. स्टुडिओ उघडते, दोन फोटो काढते, उठून पितळी भांड्यांच्या दुकानांपर्यंत चालत जाते, काही न घेता परत येते. नवरा वरठीच्या पोलाद कारखान्यातून मोटरसायकलवर घरी येतो आणि म्हणतो, "जरा टेक नं शालू, कायले अशी फिरून राहिली?" ही सवय माझी नव्हे. ही त्याच्या बहिणीची.

वच्छलाताई माझी थोरली नणंद. उभा जन्म त्यांनी नर्सबाई म्हणून वैनगंगेकाठच्या गावांमध्ये काढला. लसींचा डबा खांद्याला लावून पायी, नाहीतर सायकलवर, आणि पुरात नावेतून. लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "टाइमच कुठी भेटला बाप्पा!" निवृत्त होऊन आमच्याकडे भंडाऱ्याला राहायला आल्या, तेव्हा खरी पंचाईत झाली. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवण उभ्याने, पेपर उभ्याने. टीव्हीवरची मालिकासुद्धा दाराच्या चौकटीला टेकून बघायच्या. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या ताई कुठे निघाल्यात का? त्या कुठेच निघालेल्या नसायच्या.

मग एका दुपारी त्यांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि तडक स्टुडिओत आल्या. त्यात एक माणूस एकाच फोटोच्या दोन प्रती घेत होता. एक होती तशीच लख्ख ठेवायची, दुसरी मुद्दाम धूसर आणि थोडी उजळ करायची. मग ही धूसर प्रत लख्ख प्रतीवर ठेवून अर्धी पारदर्शक करायची. फोटोतली पानं, चेहरे, भिंती सगळ्यांना आतून दिवा लावल्यासारखं दिसायला लागतं. "शालू, मले हे शिकव," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "ताई, लोक माझ्याकडे धूसर आला म्हणून फोटो परत आणतात, आणि तुम्हाला धूसर करायचाय!" पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी कॉम्प्युटर देईना, तेव्हा त्यांनी मोबाइलच्या लेन्सवर बँडेजची जाळी ताणून चिकटपट्टीने बसवली. ती दुहेरी करून पाहिली, तिहेरी करून पाहिली. काचेच्या तुकड्याला व्हॅसलीन फासून तो लेन्सपुढे धरला. एकदा तेच व्हॅसलीन मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात गेलं आणि दोन दिवस फोन बंद पडला. शेवटी मीच कंटाळून दुपारचा एक तास कॉम्प्युटर त्यांना दिला.

पहिले काही महिने त्यांनी दिसेल त्याला धुक्यात बुडवलं. धानाची रोपं, अंगणातली सीताफळं, तलावावरचे बगळे. माझ्या नवऱ्याचा हेल्मेट घातलेला फोटो असा केला, की तो कॅलेंडरातल्या देवासारखा दिसायला लागला आणि कारखान्यात त्याची आठवडाभर थट्टा झाली. जमत काही नव्हतं. कधी पांढरा भपका व्हायचा, कधी नुसता मळकट पडदा. कॉम्प्युटर विचार करत थांबला की या उठून खोलीत येरझारा घालायच्या. मी त्यांच्याकडे पाठ करून अल्बम लावत बसायचे आणि मागून त्यांच्या चपलांचा आवाज येत राहायचा.

गोसीखुर्द धरणात गेलेल्या एका गावाचं पवनीकडे पुनर्वसन झालं आहे. जुन्या गावात ताईंनी कितीतरी वर्षं काम केलेलं. तिथे त्या दर गुरुवारी जायला लागल्या, मोबाइल घेऊन. ज्यांच्या लेकरांना त्यांनी सुया टोचल्या होत्या, त्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायला लागल्या. आणि तिथेच ते घडलं.

भागरथाबाई नावाच्या एका म्हातारीचा फोटो त्यांनी काढला. जन्मात तिचा धड फोटो निघाला नव्हता. होता तो फक्त आधार कार्डावरचा काळा ठिपका. ताईंनी त्यावर प्रयोग केला आणि सेव्ह करताना मूळ फोटोवरच सेव्ह केला. फोन भरला म्हणून फोनातला आधीच पुसून टाकलेला. त्यांना ते कळलंही नाही. तीन आठवड्यांनी भागरथाबाई गेली आणि तिचा मुलगा रामाजी भिंतीवर लावायला फोटो मागायला स्टुडिओत आला. आम्ही सगळ्या फाइली उघडून पाहिल्या. हाती लागला तो एकच. पांढऱ्या उजेडात विरघळलेला चेहरा, नाकाची जागा, लुगड्याची कड. रामाजीने पडद्याजवळ वाकून पाहिलं. "हे माही माय नाही, बाई," तो म्हणाला. "हे तं धुकं हाय." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ताई गावात गेल्या. रामाजी घरात असून बाहेर आला नाही. त्या पडवीत उभ्या राहिल्या, दुपारपर्यंत. त्याच्या बायकोने पाणी दिलं, बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मी म्हणाले, सोडून द्या आता हे ताई. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढे वर्स सुई टोचली मी. एकही पोरगं हातचं गेलं नाही माह्या. अन् हे काय करून बसली मी!"

त्यांनी सोडलं नाही. त्या साधा फोटो काढायला शिकल्या. माझ्यासमोर शाळकरी मुलीसारख्या उभ्या राहून उजेड कुठून येतो, डोळ्यांत चमक कशी धरायची, ते विचारायच्या. मग गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दोन छापील प्रती करायला लागल्या. एक लख्ख, एक धूसर. दोन्ही त्याच्या हातात देऊन म्हणायच्या, कोणती आवडली सांग, ती मोठी करून आणते. मला वाटलं होतं, सगळे लख्खच निवडतील. पुष्कळांनी ती निवडलीही. "सुरकुत्या माह्याच हायेत, त्याइले कायले लपवता?" असं एका आजीने ठणकावलं. पण एका म्हाताऱ्याने धूसर फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, जुन्या गावात सकाळी नदीवर माणसं अशीच दिसत. मग त्याच्या आळीतल्या आणखी चौघांनी धूसरच मागितला. आणि पावसाळ्यानंतर रामाजी पुन्हा स्टुडिओत आला. "बाई, तो मायचा फोटो द्या." ताई म्हणाल्या, "तो चुकीचा हाय, भाऊ. मी नाही देत." तो म्हणाला, "असू द्या. दुसरा कुठी हाय? घरात एक जागा खाली दिसते रोज." फ्रेम करून नेताना तो ताईंच्या पाया पडायला वाकला, तर त्या मागे सरकल्या.

मी त्यांच्याशी वाईट वागले, हेही लिहायला हवं. शाळा-कॉलेजांच्या ॲडमिशनचे दिवस होते, बाहेर पासपोर्ट फोटोंची रांग, आणि ताई कॉम्प्युटर सोडत नव्हत्या. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ताई, हा माझा धंदा आहे. तुमचा टाइमपास नंतर करा." त्या लगेच उठल्या. पिशवी घेतली. दारात थांबून म्हणाल्या, "तुह्यं बरोबर हाय, शालू." त्यानंतरच्याच गुरुवारी सकाळी तो कंडक्टरचा फोन आला. मधल्या दिवसांत आम्ही बोललो. भाजीचं, गॅसच्या सिलिंडरचं. त्याबद्दल मात्र नाही.

त्यांच्या पिशवीत एक वही निघाली. लसीकरणाच्या रजिस्टरसारखी रूळ मारून रकाने पाडलेली. घर, नाव, मग दोन रकाने : साफ, धूसर. बहुतेक नावांपुढे दोन्हीकडे खुणा होत्या. शेवटची नऊ नावं कोरी. ती वही मी चार वेळा कपाटात ठेवली आणि चार वेळा काढली. पाचव्यांदा काढली ती घेऊनच पवनीच्या बसमध्ये बसले.

पहिलं कोरं नाव सोमाजींचं होतं. पूर्वी ते नदीत मासेमारी करत. आता दारातल्या खाटेवर जाळं विणत बसलेले होते. माझ्या हातातली वही त्यांनी ओळखली.

"नर्सबाई काहून नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"माह्या चारही लेकरांले सुई टोचली तिनं," ते म्हणाले. "लेकरू रडे तं मलेच डाफरे." मग त्यांनी डोक्याचा रुमाल काढून केसांवरून हात फिरवला, ताठ बसले. "घे. काढ."

मी काढला. उजेड चांगला होता, फोटो सुरेख आला. पडद्यावर त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली.

"हे साफवाला झाला. दुसरा?"

"तो भंडाऱ्याला जाऊन करावा लागतो, आजोबा. पुढच्या गुरुवारी आणते."

"आण मंग. दोन्ही पाहूनच सांगीन मी. नर्सबाई तसंच म्हणे."

परत आल्यापासून तेच करते आहे. तंत्र मला ठाऊक आहे, ते मीच त्यांना शिकवलं होतं. पण किती धूसर करायचं, ते ठाऊक नाही. पहिल्यांदा सोमाजींचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. दुसऱ्यांदा लेन्सला तेलकट बोट लागल्यासारखं दिसलं. तिसऱ्यांदा उजेड बरा आला, पण डोळे गेले. ताईंच्या शेवटच्या फोटोंत डोळे राहत आणि बाकी सगळं हलकेच विरत जाई. ते कुठे थांबल्याने जमत होतं, हे मी कधी वळून पाहिलं नाही. एवढे दिवस त्या माझ्या मागेच बसून ते करत होत्या...

आज मंगळवार आहे. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत. त्यांना म्हटलं, जरा वेळ लागेल.