आबांसाठी पुठ्ठ्याचा कर्णा

माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, कान एका दिवसात गेला नाही. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दाराची कडी. आईचा आवाज शेवटपर्यंत टिकला, पण तो शेळगावात कुणाच्याही कानात टिकतो. या सगळ्याचं आबांना फारसं काही वाटलं नाही. फोनवरची आक्का ऐकू येईना, तेव्हा मात्र ते खचले.

आक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण, नरसिंहपूरला दिलेली. आबांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. “जयभीम बापू,” असं सुरू व्हायचं ते पाऊसपाणी, उसाची तोड, कुणाच्या पोरीला कुठं दिली इथपर्यंत चालायचं. आता आबा फोन कानाला दाबून धरायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी माझ्या हातात देऊन म्हणायचे, “नुसतं गूं गूं येतंय. तूच बोल.” मग बाहेर जाऊन उगाच गुरांवर खेकसायचे.

बारामतीला डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी आठवडाभर घातलं. “कानात शिट्टी मारतंय,” म्हणून ते कपाटात गेलं ते गेलंच. मी समजूत घालायला गेले तर आबा म्हणाले, “तू घाल तुझ्या कानात.” मी बारामतीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. एखादी वस्तू चालत नाही म्हणजे का चालत नाही, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. घरच्यांना या स्वभावाचा भयंकर वैताग येतो. तर मी ठरवलं, कानात काही घालायचंच नाही. फोनचा आवाजच मोठा करायचा, आणि तोही कर्ण्यातून.

भंगारवाल्याकडं एक मोडका कर्णा मिळाला. त्याचं तोंड चेपलं होतं, पण मागचं युनिट, म्हणजे ज्यातून आवाज निघतो तो डबा, जिवंत होता. जुन्या खेळण्यातलं अँप्लिफायरचं सर्किट काढलं. कर्ण्याची मान नळाच्या पाईपच्या तुकड्याची केली. तोंडासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पाकळ्या-पाकळ्यांनी कापला, चिकटपट्टीनं जोडला आणि वरून मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर दिले. शनिवारी-रविवारी घरी यायचं आणि हात खळीत घालून बसायचं. आई येता-जाता म्हणायची, “लगीन करायचं सोडून भोंगं करतीया.” मी लक्ष दिलं नाही. मुंग्यांनी मात्र दिलं. त्या मैद्यावर तुटून पडल्या, तेव्हा खळीत मोरचूद कालवावं लागलं.

पहिली चाचणी झाली तेव्हा कर्णा ओसरीच्या एका टोकाला टांगला होता आणि दुसऱ्या टोकाला आबा. आबांचा फोन लांब वायरीनं कर्ण्याला जोडला होता; तो जवळ नेला की कर्णाही शिट्टी मारायचा, म्हणून एवढं अंतर. मी आईला माझा फोन देऊन मागच्या गोठ्यात पाठवलं. ती तिथून म्हणाली, “काय बोलू आता? मला न्हाय सुचत.” तिचं ते न सुचणं अख्ख्या आळीनं ऐकलं. समोरची म्हातारी दारात आली. आणि आबा हसले. “आलं, आलं! ऐकू आलं!” असं लहान मुलासारखं म्हणाले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याचा फोन आला, मी बटण दाबलं. ओसरीत आत्याचा आवाज घुमला. “जयभीम बापू. मला बरं न्हाय रं. येऊन जा एकदा.”

“व्हय, व्हय,” आबा म्हणाले.

“येशील न्हवं?”

“व्हय, व्हय.”

फोन ठेवून त्यांनी मांडीवर थाप मारली. मी विचारलं, “काय म्हणली आत्या?”

“बरं हाय म्हणली. लय दिवसांनी आक्का सोत्ताच्या कानानं ऐकली बघ.”

मी ओरडले, “बरं न्हाय म्हणली!”

“त्येच तर सांगतोय. बरं हाय.”

“न्हाय, आबा! न्हाय!”

“हाय, हाय. वरडू नगो.”

मग मी शब्द बदलला. आजारी म्हटलं, येऊन जा म्हणतीय म्हटलं. तेवढं त्यांना समजलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. “मी सोत्ता ऐकलंय. इतकी वर्सं तुमच्याच तोंडनं ऐकत आलो न्हवं? आता मला ऐकू येतंय तर मधी पडू नगो.” कागदावर लिहून दाखवलं तर त्यांनी कागद बाजूला सारला. “मी काय पाव्हणा हाय का, चिठ्ठ्या लिवायला?” आईनं मला खुणेनं गप्प केलं. मी आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, “थोडा अशक्तपणा हाय, घाबरू नका. मामांस्नी सवडीनं पाठवा.” मी तेवढ्यावर विसावले.

पण चूक कुठं आहे ते शोधल्याशिवाय मला राहवेना. आईला पुन्हा गोठ्यात पाठवलं. “मीठ हाय,” “मीठ न्हाय,” असं उलटसुलट म्हणायला लावलं. कर्ण्यातून दर वेळी आबांना मीठ हायच. “दूध न्हाय,” ती म्हणाली, तर आबा कप घेऊन उभे राहिले. मग मी स्वतः कर्ण्यासमोर डोळे मिटून बसले, आणि मलाही नीट कळेना. ‘न’ हा नाकातला, खालच्या पट्टीतला आवाज आहे. लहान तोंडाचा कर्णा खालची पट्टी पुढं जाऊच देत नाही. आबांच्या कानानं वरचे आवाज खाल्ले होते आणि माझ्या कर्ण्यानं खालचे. पुण्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणतात, तिथं हे चाललं असतं. आमच्याकडं हाय आणि न्हाय, मध्ये तेवढा एक नाकातला ‘न’. सगळी आळी दणाणून सोडणाऱ्या कर्ण्याला नकारच देता येत नव्हता. एवढी मेहनत करून मी आबांना फक्त चुकीचं, पण मोठ्यानं, ऐकू येईल अशी सोय केली होती.

उपाय एकच, तोंड मोठं करायचं. मी त्याच दिवशी नवा पुठ्ठा कापायला बसले. घमेल्याहून मोठं तोंड, लांब मान. पुढच्या रविवारी आत्यानं बरं न्हाय म्हटलं की आबांना ते त्यांच्याच कानानं कळेल, मग कुणाच्या तोंडाचं ऐकायला नको, ते आपणहून निघतील, असा माझा हिशेब. पण हवा दमट होती. थर वाळेनात. आईनं चुलीजवळ ठेवून पाहिला तर एक बाजू पोपडे धरून सुटली. मी बारामतीहून रोज फोन करून विचारायचे, “वाळला का?” आई सांगायची, “बोट लावलं की बसतंय आत.” आत्या कशी आहे, हे मात्र मी पुन्हा विचारलं नाही.

रविवार यायच्या आतच आतेभावाचा फोन आला. आत्या पहाटे झोपेतच गेली होती.

मी शेळगावला पोचले तेव्हा आबांना काही सांगावं लागलं नाही. आईकडं बघून त्यांना कळलं होतं. गाडीत ते एवढंच म्हणाले, “बरं हाय म्हणली हुती.” मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, पण बाहेरच बघत राहिले.

नरसिंहपूरला सगळं आटोपल्यावर घरात माणसं भिंतीला टेकून बसली होती. आबा मधोमध उभे होते, कुठं बसावं ते न कळल्यासारखे. आतेभाऊ उठून त्यांच्याजवळ आला. त्याच्या मनात राग नव्हता, तो नुसता सांगत होता. “मामा, तुमी व्हय म्हणला, तवापस्नं आई रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची. कुणी बी आलं की म्हणायची, बापू आला का बघा.”

आबांनी कानामागं तळहात धरला आणि माझ्याकडं पाहिलं. “काय म्हणतोय?”

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. हळू बोलून त्यांना ऐकू येणार नव्हतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

“बसा म्हणतोय, आबा,” मी ओरडले.

“व्हय, व्हय,” आबा म्हणाले, आणि दारातल्या त्या खुर्चीवर जाऊन बसले.