रोज कुठून आणू राग

नांदेडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मी ब्लाऊज शिवते, त्यातही जास्त करून पांढरे. आमच्या समाजात नवरी पांढरी साडी नेसते. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला बाया पेटीतून पांढऱ्या साड्या काढतात. पांढरा ब्लाऊज दिसायला साधा, पण शिवायला अवघड. मशीनला तेलाचा एक थेंब जास्त झाला की कापड वाया. अस्तर जाड घेतलं तर फुगतं, पातळ घेतलं तर आतलं सगळं दिसतं. हे काम माझ्या हाताला बसलं आणि गिऱ्हाईक वाढलं.

माझ्या हाताखाली माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचा जन्म लोह्याकडच्या खेड्यात दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. बसून खाणं त्यांना जमेना, म्हणून हूक आणि काज त्यांनी स्वतःहून मागून घेतले. काज असा घालतात की मशीनवाल्यानं लाजावं. तोंड मात्र तिखट.

फोनवर दुकानाचं पेज मी काढलं तेव्हा काही कळत नव्हतं. ब्लाऊज झाला की हँगरला लावायचा, शटरजवळच्या उजेडात फोटो काढायचा आणि टाकायचा. एवढ्यावर लातूर, उदगीर, देगलूर, कुठून कुठून बायांचे फोन यायचे. लातूरची एक शिक्षिका तर तिच्या भाचीच्या लग्नाची सगळी मापं घेऊन स्वतः आली होती. मला वाटायचं, काम चांगलं असलं की लोकांना दिसतं.

मग ते दिसायचं थांबलं. एकदम नाही, हळूहळू. तोच उजेड, तेच काम, पण फोटो टाकला की निलंग्याची माझी बहीण आणि आणखी दोन-चार ओळखीच्या बाया, एवढ्यांचाच अंगठा. पेजला माणसं तेवढीच होती, उलट वाढली होती. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा मी त्या लातूरच्या ताईंना सहज फोन केला.

त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही शिवणं बंद केलं ना? आम्ही दुसरीकडे टाकले कपडे."

"बंद कुठं केलं? रोज फोटो टाकते की पेजवर."

"आम्हाला तर एकही दिसला नाही."

फोन ठेवून मी तशीच बसून राहिले. दुकानाला कुलूप लावलं असतं तर निदान लोकांनी येऊन कुलूप तरी पाहिलं असतं. इथं दुकान उघडं, मी आत बसलेली, आणि बाहेरून जाणाऱ्याला नुसती भिंत दिसत होती.

शेजारी ब्युटी पार्लर चालवणारी एक बाई आहे, माझ्याहून लहान, हुशार. ती म्हणाली, "ताई, फोटो कोण बघतं आता? अल्गोरिदम बदललं. रील करा. तोंड दाखवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत लोकं थांबली पाहिजेत, नाहीतर ते पुढं ढकलतच नाही." पैसे भरून पोस्ट पुढं सरकवायचीही सोय होती. भरले तोवर माणसं दिसली, भरणं थांबवलं की पुन्हा शुकशुकाट.

मग मी रील करायला लागले. सकाळी स्वयंपाक उरकून, साडी बदलून, आरशासमोर उभी राहून ब्लाऊज धरायचा आणि गाण्यावर मान हलवायची. जे गाणं चालू असेल ते घ्यायचं, आपल्याला आवडो न आवडो. कुणी सांगायचं सकाळी टाका, कुणी सांगायचं संध्याकाळी. शिवायला बसले की डोक्यात तेच, उद्या काय दाखवायचं. रेल्वेतून ड्युटी करून आलेला नवरा म्हणायचा, "जेवायला बसलीस तरी फोनच बघून राहिलीस तू." मी म्हणायची, "दुकानच बघून राहिले." ते खरंही होतं.

एके दिवशी दुपारी गळ्याच्या कडेला निळी पायपिन लावलेला पांढरा ब्लाऊज घेऊन फोनसमोर मी पाचव्यांदा की सहाव्यांदा तीच गिरकी घेत होते. आत्या कोपऱ्यात हूक लावत बसल्या होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"का ग, कपडा शिवून राहिलीस का त्याला नाचवून राहिलीस? ज्या बाईचा हाय ती आली तर म्हणंल, माझ्या आधी हिनंच वरात काढली! ठेव तो खाली. आन् ही बाही बघ, जरा वर चढलीय."

मी इतकी वैतागले होते की व्हिडिओची कापाकापी न करता ते सगळं तसंच पेजवर टाकून दिलं.

ती रील कुठल्या कुठं गेली. पुणे, नागपूर, हैदराबाद. फोन तापून गेला. 'आजीला आमचा जयभीम', 'अशी सासू हवी', 'आजी बरोबर बोलतायत'. काही ऑर्डरीही आल्या. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी नुसता ब्लाऊज टाकला, काही नाही. त्यानंतर आत्या बाहीला नावं ठेवतायत असं टाकलं की पुन्हा हजारोंनी बघितलं. त्या पेजला माझं शिवण नको होतं. त्याला आत्यांचा राग हवा होता.

सुरुवातीला आत्यांना गंमत वाटली. भाजीवाल्यानं ओळखलं म्हणून त्या दोन दिवस खूश होत्या. विहारात बाया म्हणायच्या, "आज कुणाला रागवल्या, आजी?" त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

पण रील जितकी लांब गेली तितकी नको त्या माणसांपर्यंत गेली. पांढरी साडी, निळी पायपिन, जयभीम हे बघून कुणीतरी खाली आमची जात काढली. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. मग त्यांचीच जुंपली, एकमेकांच्या आयाबहिणी निघाल्या. मी त्या कमेंट पुसायला घेतल्या तर पार्लरवाली म्हणाली, "ताई, पुसू नका. भांडण चाललं की रीच वाढते, जास्त लोकांना दिसतं." आणि खरंच वाढत होती. मी काही पुसल्या, काही तशाच राहिल्या. नेमक्या कुठल्या का राहिल्या, हे मी स्वतःला विचारलं नाही. हातात काम होतं, डोळे चुरचुरत होते.

आत्यांना वाचता येत नाही. त्या विचारायच्या, "काय लिहितेत ग लोकं?"

"चांगलं लिहितेत, आत्या."

जयंती जवळ आली. बाकी शिवणाऱ्या बाया धडाधड रील टाकत होत्या. मी सकाळीच फोन स्टँडवर लावला आणि म्हटलं, "आत्या, जरा बोला ना. परवासारखं."

"काय बोलू?"

"माझ्या कामात खोड काढा."

त्यांनी ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. "खोड न्हाई ह्यात. चांगला शिवलास."

"मग खोटंच रागवा थोडं."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "खोटा राग येत न्हाई मला, पोरी. खरा लई येऊन गेला. रानाचा मालक बायांना पाणी वरून वतायचा, तवा आला. तुझ्या सासऱ्याला पारावर बसू दिलं न्हाई, तवा आला. समदा गिळला. आता म्हातारपणी लोकाच्या करमणुकीला काढू का त्यो? आन् रोज कुठून आणू राग? हिरीला तरी पाणी रोज असतं का?"

त्याच पुढं म्हणाल्या, "लोकं काय लिहितेत ते विहारात कळलंय मला. तू सांगितलं न्हाईस, ते मी समजले. वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलंस."

मग त्या उठून आत गेल्या आणि चहाचं पातेलं आदळल्याचा आवाज आला. फोन चालूच होता. सगळं टिपलं गेलं होतं, त्यांचे ओले झालेले डोळेसुद्धा.

दुपारी मी ते एकदा पाहिलं. पहिल्या शब्दापासून माणूस हलणार नाही असं होतं. पार्लरवालीला तोंडी सांगितलं तर ती म्हणाली, "टाका ताई, महाराष्ट्रभर जाईल." नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला विचार." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लेकाच्या संसाराला उपयोग होतोय म्हणून त्या हो म्हणाल्या असत्या. मी ते पुसून टाकलं. त्या दिवशी मला भारी बिरी काही वाटलं नाही. नुसतं झोपावंसं वाटलं.

त्यानंतर पेज पुन्हा गप झालं. 'आजी कुठे आहेत', 'आजी बऱ्या आहेत ना' असं लोक विचारायचे, मग तेही विसरले. त्या जयंतीला काम कमीच आलं. नंतर मी लातूरच्या ताईंना पुन्हा फोन केला. लाज सोडून म्हटलं, "ताई, मीच येते तिकडं. तुमच्या कॉलनीतल्या बायांना बोलवाल का?" त्या म्हणाल्या, "रविवारी या."

गेले. उन्हाळ्यातली एसटी, खिडकीची काच अर्धी अडकलेली, मांडीवर मापाची पट्टी आणि नमुन्याचे ब्लाऊज. ताईंच्या हॉलमध्ये बाया जमल्या होत्या. त्यांनी ब्लाऊज हातात घेऊन उलटे करून पाहिले, अस्तराला नखानं खरवडून पाहिलं. कुणी म्हणाली गळा थोडा खाली, कुणी म्हणाली बाही कोपरापर्यंत. मी गुडघ्यावर बसून, उभी राहून, दिवसभर मापं घेतली. एकीनं मला निरखून विचारलं, "तुम्ही त्या रागावणाऱ्या आजींच्या सूनबाई ना? त्या नाही आल्या?"

"त्या काज करून राहिल्यात घरी," मी म्हटलं.

आता मी महिन्या-दोन महिन्यांनी लातूरला जाते. कंबर धरते, प्रवासात दिवस जातो, आणि पेजनं जितकं काम आणलं होतं तितकं काही यातून येत नाही. फोटो अजून टाकते, ते कुणाला दिसतात ठाऊक नाही. गेल्या खेपेला घरी पोचले तर आत्या दारातच बसल्या होत्या. बायांनी दिलेल्या कापडांची पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वरचं कापड चाचपलं.

"समदे पांढरेच?"

"पांढरेच."

"माझी बोटं दुखतेत लई," त्या म्हणाल्या, आणि चष्मा शोधायला आत गेल्या.