यानातली रिकामी सीट

जुनी खेळणी जमवायच्या आमच्या छंदात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, बाहुल्यांच्या हातातल्या नखाएवढ्या बंदुका, ज्या फक्त झाडू मारतानाच सापडतात. आणि दुसरी, किस्से. बंदुका मी एका डबीत ठेवते. किश्श्यांना डबी नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं मंडळ तिघांचं. महांतेश अण्णा, पन्नाशी ओलांडलेले, सोलापुरात पंपांच्या स्पेअर पार्टचं दुकान. श्रीनू, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करतो. आणि मी, दीपा. बी.एस्सी. झालेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. दर रविवारी सकाळी अण्णांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही जमतो आणि माझ्या नि श्रीनूच्या जन्माआधीचे प्लॅस्टिकचे अंतराळवीर, रोबो, परग्रहावरचे हिरवे सैनिक पुसत बसतो.

"ह्या वयात खेळताय व्हय?" असं कुणी म्हटलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं. "खेळत न्हाय. सांभाळतोय."

काचेच्या कपाटात मधोमध अण्णांचं यान आहे. लाल-पांढरं, वर उघडणारं झाकण, आत एकच सीट. ती रिकामी.

* * *

त्या सीटचा किस्सा आधी सांगते.

अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवा लहान असताना वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेतून ते यान आणलं, पायलटसकट. दोघांत मिळून एक. पुढे वडील गेले आणि वाटणी झाली. दुकान अण्णांना, वळसंगचं शेत शिवाला. भांडी, पाट, घंगाळ, सगळं वाटून झालं आणि फळीवर यान तेवढं राहिलं. दोघेही हट्टाला पेटले. चांगले बाप्ये, मिशा आलेले!

शेवटी पंच वैतागले. "यान थोरल्याला, आतला माणूस धाकट्याला. उठा आता!"

तेव्हापासून बोलणं बंद. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, पण ते ज्याचे खरे अण्णा, तो हाक मारत नाही.

श्रीनू एकदा म्हणाला, "अण्णा, वळसंग एसटीनं पाऊण तास बी न्हाय की हो."

अण्णा यान पुसत म्हणाले, "चंद्र जवळ हाय त्याच्यापेक्षा."

* * *

या जुन्या बाहुल्यांचं वरचं धड आणि खालचे पाय पोटातल्या एका रबरी रिंगेनं जोडलेले असतात. रबर वाळलं की वीराचे दोन तुकडे! श्रीनूनं शोध लावला की फवारणी पंपातली एक बारीक रिंग तिथं तंतोतंत बसते. मग काय, दुकानातल्या रिंगा भराभर अंतराळात जायला लागल्या.

एकदा एक शेतकरी आजोबा नेमकी तीच रिंग मागत आले. शेवटची रिंग श्रीनूनं त्याच मिनिटाला हिरव्या सेनापतीला बसवली होती. आजोबा आत डोकावले.

"माज्या पंपाची रिंग ह्या बाहुल्याला?"

श्रीनू ओशाळला. "त्याची कंबर गेलती, आजोबा."

आजोबांनी हळूच बाकावर टेकत सुस्कारा सोडला. "माजी बी गेलीया. बसवतो का?"

* * *

आता माझाच. मला बघायला पाहुणे आले होते. सकाळीच श्रीनूनं दुरुस्त करून दिलेला, सेलवर चालणारा रोबो माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स टीपॉयवर. मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाकाची आवड आहे का?" मी उत्तर द्यायच्या आत पर्समधून "टर्र... टर्र..." सुरू झालं. आतून लाल उजेड! आणि पर्स स्वतःच्या पायांनी टीपॉयवरून बाकरवडीच्या बशीकडं निघाली.

मुलाच्या आईनं पाय वर घेतले. पण सगळ्यात मोठी किंकाळी कुणाची? माझी! रोबो माझा, पर्स माझी, बटण मीच नीट बंद केलं नव्हतं, तरी माझीच.

दोन दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. "मुलगी पसंत आहे हो, पण त्यांना पर्सची भीती वाटते."

रविवारी हे सांगितलं तर श्रीनू खुर्चीवरून पडायचा बाकी होता. अण्णा मात्र हसले नाहीत. "बरं झालं," म्हणाले, "हितनं आजून कोन जायला नको."

* * *

तो पायलट आम्ही कुठं कुठं शोधला! म्हणजे तसलाच दुसरा. भंगारात, ऑनलाइन, जुन्या बाजारात. शिवाकाकांकडं मागायचा नाही, एवढीच अट. आणि सापडला कुठं, तर मंद्रूपच्या आठवडी बाजारात, एका बकरीच्या गळ्यात! नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेला.

"मावशी, हा बाहुला देता का?"

मावशीनं मला खालून वर न्याहाळलं. "बकरी घे, बाहुला फुकट."

"बकरी नको हो, नुसता बाहुला."

"मग तिला नजर लागली तर? तू येनार हाईस व्हय उतरवायला?"

शेवटी शेजारच्या दुकानातून पितळी घुंगरू आणलं, ते बकरीच्या गळ्यात बांधलं, तेव्हा कुठं सुटका झाली. बकरीनं जाताना माझी ओढणी खाल्ली.

रविवारी आम्ही पायलट अण्णांच्या हातावर ठेवला. त्यांनी साबणानं धुतला, पुसला, यानात बसवला. टक्क आवाज झाला. अगदी फिट! श्रीनूनं टाळी वाजवली.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग दोन बोटांनी पायलटला अलगद बाहेर काढून माझ्या हातात दिलं.

"तुज्याकडं ठेव, पोरी. ही सीट रिझर्व्ह हाय."

* * *

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावात बसत नाही. कुणाला न सांगता वळसंगची एसटी पकडली. वाटभर "नमस्कार काका, मी दीपा" एवढं एकच वाक्य घोकत होते. शेतावर पोचले, आणि मागून आवाज आला, "कोन पायजे?"

मी किंचाळले. ते दचकले, हातातली बादली पडली. अशी आमची ओळख झाली!

तेच कपाळ, तेच कान. मी भराभर सगळं सांगून टाकलं, रविवार, कपाट, सीट, बकरीसुद्धा. शिवाकाकांनी पडलेली बादली उचलून ठेवली. विहिरीजवळ गेले आणि मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली. आत, बटणांच्या वर, पायलट उभा होता. रंग उडालेला, पण धूळ नाही.

"रोज मोटार चालू करताना गाठ पडती," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "अण्णानं धाडलं व्हय तुला?"

खोटं बोलायचं ठरवून गेले होते. जमलं नाही. "नाही," म्हटलं.

त्यांनी पेटी लावली. "मग सांग त्याला. यान घिऊन ये म्हनावं. मी हाय हितंच."

रविवारी मी अण्णांना हे सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. श्रीनूही पुसायचं थांबला. अण्णांनी सगळं ऐकलं, उठले, कपाटाची काच उघडली, परत लावली.

"पायलट नसताना यान न्यायचं कसं, सांग की मला," म्हणाले.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, अण्णांनी त्याला वॉशर दिला, ते गेलं. आमच्याकडं पाठ करून अण्णा तिथंच उभे राहिले.

"दीपा, चष्मा लागलाय का गं शिवाला?"

"लागलाय, अण्णा."

"कितीचा?"